आरसिसलॉग सेवा ‘चालू’ दिसते, पण नोंदी गुपचूप थांबतात : कारण कुठे शोधावे?

शिरोली_सर्व्हररूम (प्रश्न)

नमस्कार. शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मी संगणक विभाग सांभाळते. विभाग म्हणजे मी आणि एक शिकाऊ मुलगा, त्यामुळे विचारायला शेजारी कोणी नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे उबुंटू २२.०४ चा एक सर्व्हर आहे. त्याच्या स्वतःच्या नोंदी (लॉग), तसेच फायरवॉल आणि दोन नेटवर्क स्विच यांच्या नोंदी आरसिसलॉग या नोंदी गोळा करणाऱ्या सेवेमार्फत व्हार-लॉग फोल्डरमधील फाइलींमध्ये जमा होतात. फायरवॉल आणि स्विच आपल्या नोंदी यूडीपीने (पोच न मागणाऱ्या नेटवर्क पद्धतीने), ५१४ क्रमांकाच्या पोर्टवर पाठवतात. ही व्यवस्था दोन वर्षे विनातक्रार चालली. गेल्या आठवड्यात एका ग्राहक कंपनीचे तपासनीस आले आणि त्यांनी सहज म्हणून एका विशिष्ट सोमवारच्या संध्याकाळच्या फायरवॉलच्या नोंदी मागितल्या. फाइल उघडली तर दुपारी १ वाजून २० मिनिटांनंतर एकही ओळ नाही, आणि पुढची ओळ थेट मंगळवारी सकाळची. मग मागे जाऊन पाहिले, तेव्हा गेल्या तीन महिन्यांत जवळजवळ प्रत्येक सोमवारी असेच खिंडार आढळले. सोमवारी आमची साप्ताहिक सुट्टी असते, त्यामुळे ते कोणाच्या लक्षात आले नाही.

सर्वांत चक्रावणारी गोष्ट अशी की सेवा कधीही बंद पडलेली दिसत नाही. मंगळवारी साडेआठला आल्यावर सिस्टमसीटीएल या सेवा सांभाळणाऱ्या आज्ञेने स्थिती विचारली की हिरव्या अक्षरांत ‘अ‍ॅक्टिव्ह, रनिंग’ असेच उत्तर येते. सेवा रीस्टार्ट केली की नोंदी पुन्हा येऊ लागतात. डिस्क फक्त ३८ टक्के भरलेली आहे, आयनोडही (फाइलींच्या नोंदणीच्या जागा) भरपूर शिल्लक आहेत, कॉन्फिगरेशनची तपासणी करणारी आज्ञा एकही चूक दाखवत नाही, आणि आरसिसलॉग काढून पुन्हा बसवूनही फरक पडलेला नाही.

एक विसंगती सांगून ठेवते, तिचा उपयोग होईल की नाही ते माहीत नाही. मध्ये एका मंगळवारी मी रजेवर होते आणि सेवा कोणीही रीस्टार्ट केली नाही. तरी त्या दिवशी सकाळी सव्वानऊच्या पुढे नोंदी आपोआप सुरू झाल्या. शिवाय त्या आठवड्याचे खिंडार दुपारी १.२० ला नव्हे, तर संध्याकाळी पाचच्या सुमारास सुरू होते. म्हणजे मी हात लावला नाही तेव्हा नोंदी जास्त मिळाल्या!

रंकाळा_रूट

ताई, सेवा चालू आहे पण फाइल वाढत नाही, असे लक्षण दिसले की माझा पहिला संशय नेहमी लॉगरोटेटवर जातो, म्हणून आधी तो निकालात काढू या.

लॉगरोटेट म्हणजे नोंदींच्या फाइली ठरावीक काळाने फिरवणारा प्रोग्राम. तो जुन्या फाइलीचे नाव बदलतो आणि त्याच जागी नवी फाइल येते. परंतु आरसिसलॉगने फाइल एकदा उघडली की ती त्याच्यासाठी नावाने नव्हे, तर उघडलेल्या दुव्याने ओळखली जाते. नाव बदलले तरी तो आपला जुन्याच फाइलीत लिहीत राहतो. म्हणून फिरवाफिरव झाल्यावर त्याला ‘हप’ हा संकेत पाठवावा लागतो, म्हणजे तो जुना दुवा सोडून नवी फाइल उघडतो. हा संकेत पाठवणारा पोस्टरोटेटचा भाग कोणी काढून टाकला असेल, तर नवी फाइल शून्य बाइटची राहते आणि नोंदी जुन्या फाइलीत, किंवा ती पुसली गेली असेल तर कोणाला न दिसणाऱ्या जागेत जमा होत राहतात. एलएसओएफ ही आज्ञा ‘प्लस एल वन’ हा पर्याय देऊन चालवा. पुसलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाइलींची यादी मिळेल, आणि तीत आरसिसलॉगचे नाव दिसले तर चोर सापडला.

दुसरे म्हणजे नव्या फाइलीची मालकी पाहा. उबुंटूवर आरसिसलॉग सुरू झाल्यावर रूटचे अधिकार सोडून ‘सिसलॉग’ या वापरकर्त्याच्या नावाने चालतो. फाइल चुकून रूटच्या मालकीची तयार झाली असेल, तर त्याला तीत लिहिता येणार नाही.

जाता जाता आणखी एक : सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात, आणि २२.०४ मधील मूळ मांडणी मात्र आठवड्याला एक अशा चारच जुन्या फाइली ठेवते. तुम्हाला तीन महिने मागचे पाहता आले, त्याअर्थी तो आकडा तुम्ही वाढवला आहे, पण तो १८० दिवसांना पुरतो का, हे एकदा मोजून पाहा.

शिरोली_सर्व्हररूम

आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले, दादा. पुसलेल्या पण उघड्या फाइलींच्या यादीत आरसिसलॉग नाही, पोस्टरोटेटचा भाग जागच्या जागी आहे आणि मालकीही सिसलॉगचीच आहे. शिवाय आमच्याकडे फाइली रविवारी मध्यरात्री फिरवल्या जातात. त्यानंतर सोमवारी दुपारपर्यंत नव्या फाइलीत नोंदी व्यवस्थित दिसतात, तेव्हा हा दोष लॉगरोटेटचा नसावा. जुन्या फाइलींची संख्या २६ आहे, म्हणजे १८२ दिवस.

घडी_बसवणारा

मशीनचे घड्याळ तपासले का? आमच्याकडे मदरबोर्डवरचा बॅटरीचा सेल संपला होता आणि वीज गेली की तारीख मागे जात असे. नोंदी होत होत्या, पण भलत्याच तारखेखाली. आम्ही मात्र आजच्या तारखेने शोधून ‘नोंदी नाहीत’ असे म्हणत बसलो होतो. तोपर्यंत रोज पहाटे सेवा आपोआप रीस्टार्ट होईल अशी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सेवेत) एक ओळ टाकून द्या, काम भागेल.

राजारामपुरी_नववी_गल्ली

घड्याळाची शंका रास्त आहे, परंतु रोज रीस्टार्ट करण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही, आणि मूळ प्रश्नातील ‘विसंगती’ वाचल्यावर तर मुळीच नाही. ताईंनी सेवेला हात लावला नाही त्या आठवड्यात नोंदी जास्त मिळाल्या, ही या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत मौल्यवान ओळ आहे.

उबुंटू २२.०४ वर एखादी नोंद फाइलीपर्यंत कशी पोहोचते, ते आधी पाहू. कोणताही स्थानिक प्रोग्राम नोंद पाठवतो ती प्रथम जर्नलडी या सिस्टिमच्या स्वतःच्या नोंद-सेवेच्या हाती पडते. जर्नलडी ती आपल्या जर्नलमध्ये लिहितो आणि तिची एक प्रत सॉकेटमधून आरसिसलॉगकडे सरकवतो. हे सरकवणे वाट न पाहणारे असते. पलीकडचा घेत नसेल तर जर्नलडी थांबत नाही, ती प्रत सोडून देतो आणि अशा किती प्रती सुटल्या याची एक ओळ स्वतःच्या जर्नलमध्ये लिहितो. म्हणजे एकाच घटनेच्या दोन स्वतंत्र वह्या आपल्याकडे आहेत आणि त्या शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात.

तेव्हा जर्नल वाचणाऱ्या जर्नलसीटीएल या आज्ञेला गेल्या सोमवारी दुपारी १ ते मंगळवारी सकाळी १० अशी वेळ देऊन नोंदी काढा आणि दोन गोष्टी कळवा. जर्नलमध्ये त्या काळातील नोंदी अखंड आहेत का? आणि ‘फॉरवर्डिंग टू सिसलॉग मिस्ड’ असे शब्द असलेली ओळ कुठे आहे का, असल्यास पहिली किती वाजताची? जर्नलही कोरे असेल तर दोष वरच्या अंगाला आहे. ते भरलेले असेल तर घड्याळ, कर्नल आणि जर्नलडी हे तिघेही निर्दोष ठरतात.

शिरोली_सर्व्हररूम

जर्नल पूर्ण भरलेले आहे, सोमवारच्या प्रत्येक तासाच्या नोंदी आहेत आणि वेळाही बरोबर आहेत. आपण म्हणता ती ‘मिस्ड’ची ओळही सापडली. मात्र ती दुपारी १.२० ची नाही. पहिली ओळ संध्याकाळी ५ वाजून १८ मिनिटांची आहे आणि त्यानंतर रात्रभर अशा ओळी अधूनमधून येत राहिल्या आहेत. फाइलीतील शेवटची नोंद मात्र १.२० चीच आहे. या दोन वेळांचा मेळ मला लागत नाही.

राजारामपुरी_नववी_गल्ली

मेळ लागतो, आणि त्यातच उत्तर आहे. १.२० ते ५.१८ या जवळजवळ चार तासांत जर्नलडीची काहीच तक्रार नाही, म्हणजे त्याने दिलेली प्रत्येक प्रत आरसिसलॉगने घेतली. घेतली, पण फाइलीत लिहिली नाही. मग ती गेली कुठे? आरसिसलॉगच्या मेमरीतील मुख्य रांगेत. ती रांग पाचच्या सुमारास काठोकाठ भरली आणि त्यानंतर दारावर आलेल्या नोंदी परत जाऊ लागल्या. आपण रजेवर होता त्या मंगळवारी जो काही अडथळा होता तो आपोआप दूर झाला, साचलेली रांग फाइलीत रिकामी झाली आणि म्हणून पाचपर्यंतच्या नोंदी मिळाल्या. इतर मंगळवारी आपण रीस्टार्ट केले, तेव्हा सेवा बंद होताना रांग रिकामी करण्यासाठी तिला जेमतेम काही क्षण मिळतात, आणि उरलेल्या नोंदी मेमरीबरोबरच नाहीशा होतात. थोडक्यात, दर मंगळवारी ज्याला आपण उपाय समजत होता, त्यानेच आणखी चार तास पुसले जात होते. यात आपला दोष नाही, ‘रनिंग’ असे दिसत असताना कोणीही हेच केले असते.

आता रांग कशामुळे अडली, एवढेच शोधायचे राहिले. आरसिसलॉगचा कामगार धागा (वर्कर थ्रेड, म्हणजे नोंदी हातावेगळ्या करणारा त्याचा भाग) प्रत्येक नोंद सर्व नियमांतून एकापाठोपाठ एक नेतो. त्यांपैकी एका नियमापाशी तो अडकून बसला, तर मागची सगळी रांग थांबते, फाइलीत लिहिण्याचे काम निर्दोष असले तरीही. असा अडकून बसणारा नियम बहुतेक वेळा दूरच्या मशीनकडे नोंदी पाठवणारा असतो. आपल्या कॉन्फिगरेशनमध्ये दोन ‘अ‍ॅट’ चिन्हांनी सुरू होणारा एखादा पत्ता आहे का? एक चिन्ह असेल तर नोंद यूडीपीने जाते, पाठवली की विसरली. दोन असतील तर टीसीपीने, म्हणजे दोन्ही बाजूंत जोडणी करून जाते, आणि पलीकडे कोणी नसेल तर पाठवणारा वाट पाहतो. त्या ओळीच्या आजूबाजूला काय लिहिले आहे तेही कळवा.

शिरोली_सर्व्हररूम

सर, आहे! दोन अ‍ॅट चिन्हे आहेत, आणि त्यांच्या वर ‘अ‍ॅक्शन-रिझ्यूम-रीट्राय-काउंट’ वजा एक, अशी एकच ओळ आहे.

याची पार्श्वभूमी अशी. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराचे पाणी महामार्गावर आले आणि शिरोलीकडे येणारा रस्ता बंद पडला. तेव्हा सर्व्हर नदीच्या एका बाजूला आणि आम्ही दुसऱ्या बाजूला, अशी अवस्था झाली होती. म्हणून दोन वर्षांपूर्वी ही व्यवस्था उभारताना नोंदींची दुसरी प्रत गोकुळ शिरगावच्या आमच्या दुसऱ्या युनिटमध्ये जावी, असे ठरले. तिथे स्टोअरच्या कोपऱ्यात एक जुना डेस्कटॉप त्यासाठी ठेवला आहे. एकही नोंद गळू नये म्हणून मी एका नमुन्यातून ती ‘वजा एक’ची ओळ उचलली होती.

आत्ताच तिथल्या वायरमन काकांना फोन केला. वीजबिल कमी करण्यासाठी गेल्या तीन महिन्यांपासून ते सोमवारी साफसफाई आटोपली की साडेबाराला मेन स्विच पाडतात. मंगळवारी पहाटे वीज चालू होते, पण तो डेस्कटॉप स्टोअरकीपर नऊ वाजता आल्यावर बटण दाबून सुरू करतात. आता आठवते, मंगळवारी मी साडेआठला रीस्टार्ट केले की पहिल्या काही ओळी येत, मग अर्धा तास शांतता असे आणि नऊनंतर सगळे सुरळीत होत असे. पहिल्या ओळी दिसल्या की मी खिडकी बंद करून चहाला जात असे, त्यामुळे त्या शांततेचा विचारच केला नाही.

राजारामपुरी_नववी_गल्ली

आता चित्र पुरे झाले. साडेबाराला वीज गेली, यूपीएसने डेस्कटॉपला थोडा वेळ तगवले आणि मग तो निरोप न घेता बंद पडला. टीसीपीची जोडणी रीतसर न तुटल्यामुळे शिरोलीच्या सर्व्हरचे कर्नल उत्तराची वाट पाहत पुन्हा पुन्हा पाठवत राहिले. लिनक्सच्या मूळ मांडणीत हा प्रयत्न सुमारे १५ मिनिटे चालतो. त्यानंतर आरसिसलॉगला कळले की पलीकडे कोणी नाही, आणि ‘वजा एक’ म्हणजे ‘कधीही हार मानू नकोस’ असा आपला हुकूम असल्यामुळे तो त्याच एका नोंदीपाशी ठाण मांडून बसला. पुन्हा प्रयत्न करण्यातील अंतर तो हळूहळू वाढवत नेतो, म्हणून आपण रजेवर असताना डेस्कटॉप नऊला सुरू होऊनही नोंदी सव्वानऊनंतर आल्या.

‘वजा एक’ चुकीचे नाही, ते एकटे असणे चुकीचे आहे. ज्या नमुन्यातून ती ओळ घेतली, त्यात तिच्यासोबत आणखी चार-पाच ओळी असतात आणि त्या सगळ्या मिळूनच अर्थ पूर्ण होतो. दूर पाठवण्याच्या कामाला स्वतःची वेगळी रांग द्या : रांगेचा प्रकार ‘लिंक्डलिस्ट’, रांगेला एक फाइलनाव, म्हणजे मेमरी भरली की नोंदी डिस्कवर उतरतील, डिस्कवरील जागेची कमाल मर्यादा एक जीबी, आणि बंद होताना रांग जपून ठेवण्याचा पर्याय ‘ऑन’. फाइलनाव विसरू नका, त्याच्याशिवाय रांग डिस्कवर उतरतच नाही. आरसिसलॉगचे कामाचे फोल्डर, म्हणजे रांगेच्या फाइली जिथे उतरतात ते, सिसलॉग वापरकर्त्याला लिहिण्याजोगे आहे, हेही पाहा. मग डेस्कटॉप दिवसभर झोपला तरी अडेल ती फक्त त्याची रांग, इथल्या फाइलीत नोंदी चालूच राहतील. बदल केल्यावर सेवा रीस्टार्ट करावी लागेल, कारण ‘हप’ने आरसिसलॉग फक्त फाइली बंद करून उघडतो, कॉन्फिगरेशन नव्याने वाचत नाही.

गेलेल्या नोंदींपैकी सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदी, जर्नल जितके मागे जाते तितक्या, जर्नलसीटीएलने काढून वेगळ्या फाइलीत ठेवता येतील. फायरवॉल आणि स्विच यांच्या नोंदी मात्र जर्नलमधून जात नाहीत, त्या यूडीपीने थेट आरसिसलॉगच्या दारात येतात. त्यामुळे फायरवॉलच्या स्वतःच्या साठवणीत काही उरले असेल तेवढेच, बाकीच्या कायमच्या गेल्या. तपासनिसांना खिंडारांच्या तारखा आणि कारण लिहून द्यावे, हे उत्तम.

रंकाळा_रूट

माझा लॉगरोटेटचा तर्क फुकट गेला, पण वाचायला मजा आली. एक भर घालतो. यापुढे ‘रनिंग’ या शब्दावर विसंबू नका. प्रक्रिया जिवंत आहे, एवढेच तो सांगतो. दर पाच मिनिटांनी क्रॉनमधून लॉगर या आज्ञेने वेळेसह एक खुणेची ओळ पाठवा, आणि दुसरी एक छोटी स्क्रिप्ट फाइलीतील शेवटच्या खुणेचे वय पाहू द्या. ते पंधरा मिनिटांपेक्षा जास्त झाले की आपल्याला निरोप यावा. आरसिसलॉगमध्ये ‘इममार्क’ नावाचे खूण टाकणारे मॉड्यूल आहे, पण त्याची खूण आरसिसलॉगच्या आतच जन्मते, जर्नलडीपासूनची वाट तिने तपासली जात नाही. लॉगरची ओळ पूर्ण रस्ता चालून येते. शिवाय अशीच एक ओळ दुसऱ्या एखाद्या मशीनवरून यूडीपीने पाठवा, म्हणजे फायरवॉलची वाटही तपासली जाईल. आणि निरोप देणारी स्क्रिप्ट त्याच सर्व्हरवर ठेवू नका, नाही तर पहारेकरी आणि तिजोरी एकदमच झोपायची.

शिरोली_सर्व्हररूम

उशिरा लिहीत आहे, कारण मध्ये एक सोमवार जाऊ द्यायचा होता. नवीन रांगेची मांडणी शनिवारी केली. सोमवारी काकांनी ठरल्याप्रमाणे साडेबाराला स्विच पाडला. मी घरून जोडून पाहत होते. दीडच्या सुमारास कामाच्या फोल्डरमध्ये रांगेची पहिली फाइल उगवली आणि ती वाढू लागली, त्याच वेळी इथल्या सिसलॉग फाइलीत ओळी येतच होत्या. मंगळवारी नऊनंतर डेस्कटॉप सुरू झाला, साचलेल्या नोंदी तिकडे गेल्या आणि रांगेची फाइल नाहीशी झाली. इथल्या फाइलीत सोमवारचा एकही तास गहाळ नाही, लॉगरच्या खुणा मोजल्या, २४ तासांच्या २८८ भरल्या.

एकच शंका उरली. गोकुळ शिरगावच्या प्रतीत दुपारच्या साधारण १५ मिनिटांच्या नोंदी नाहीत, त्या रांगेतही नव्हत्या. इथे आहेत, तिथे नाहीत.

राजारामपुरी_नववी_गल्ली

ती तीच १५ मिनिटे. डेस्कटॉप बंद पडल्यापासून जोडणी मेल्याचे कळेपर्यंत आरसिसलॉग नोंदी कर्नलच्या स्वाधीन करत होता आणि त्या पोहोचल्या असे समजत होता. साध्या टीसीपीवर सिसलॉग पाठवताना पलीकडच्या आरसिसलॉगने नोंद खरोखर स्वीकारली की नाही, याची पोच मिळत नाही. ती हवी असल्यास दोन्ही बाजूंना रेल्प हा पोच देणारा प्रोटोकॉल बसवा. उबुंटूवर त्याचे मॉड्यूल वेगळ्या पॅकेजमध्ये मिळते. त्यात प्रत्येक नोंदीची पोच येते आणि पोच न आलेली नोंद पुन्हा पाठवली जाते, त्यामुळे क्वचित एखादी नोंद दोनदा दिसेल, ते चालवून घ्यावे लागते. रेल्पसाठीही हीच वेगळी रांग ठेवा, ती काढू नका. आणि त्या डेस्कटॉपच्या बायोसमध्ये वीज परत येताच आपोआप सुरू होण्याचा पर्याय असतो, तो चालू करून घ्या, म्हणजे स्टोअरकीपरची वाट पाहावी लागणार नाही.